आत्महत्येचं जनुक असतं का? मेंदूच्या अभ्यासातून काय कळलं आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आधी आजोबा आणि नंतर वडील, दोघांचाही मृत्यू आत्महत्येने झाला. 'आत्महत्येचं जनुक सापडलं', 'आता रक्ताच्या चाचणीतून धोका कळणार' अशा बातम्या तुम्ही वाचल्या. मग मेंदूत नेमकं काय बदललेलं असतं, ते रक्तातून पुढे जातं का, आणि स्वतःची व चौदा वर्षांच्या मुलीची तपासणी करून घ्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं वाचताना मनात तेच घोळत राहील. अशी भरवशाची तपासणी आज अस्तित्वात नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. का, ते पुढे आकडे मांडून सांगतो.

बातम्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, ती आधी सोडवू. जनुकं म्हणजे आई-वडिलांकडून आलेला डीएनए. तो गर्भधारणेच्या वेळी ठरतो आणि जवळजवळ तसाच राहतो. जीन एक्स्प्रेशन म्हणजे त्यातलं कुठलं जनुक, कुठल्या पेशीत, किती प्रमाणात वापरलं जातंय. जनुकावरून आरएनएच्या प्रती निघतात, त्यावरून प्रथिनं बनतात, आणि संशोधक मोजतात त्या मुख्यतः या आरएनएच्या प्रती. हे प्रमाण झोप, ताण, औषधं, दारू, ताप, वय अशा अनेक गोष्टींनी बदलतं. काही जनुकांच्या बाबतीत तर तासाभरातही. म्हणून 'आत्महत्येने मृत्यू झालेल्यांच्या मेंदूत अमुक जनुकाचं प्रमाण कमी आढळलं' हे वाक्य त्या माणसाच्या मेंदूची शेवटच्या काळातली अवस्था सांगतं. त्याला ती वडिलांकडून मिळाली होती, असं ते सांगत नाही.

आता वारशाबद्दल. वारसा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदींवरचा १९७९चा अभ्यास इथे अजूनही सगळ्यात बोलका वाटतो. आत्महत्येने मृत्यू झालेल्या ५७ दत्तक व्यक्तींच्या जैविक नातेवाइकांची नोंद तपासली, तेव्हा २६९ पैकी १२ जणांचा मृत्यूही आत्महत्येने झालेला होता. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या दत्तक व्यक्तींच्या २६९ जैविक नातेवाइकांमध्ये हा आकडा २ होता. वाढवणारं घर वेगळं होतं, तरी फरक दिसला. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ५५ टक्के निघतो. पण हा टक्का लोकसंख्येतल्या फरकांबद्दल असतो. 'माझा धोका ५० टक्के' असा त्याचा अर्थ होत नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते, कधीकधी डॉक्टरांचीही.

त्याच दत्तक अभ्यासातल्या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघा: २६९ पैकी २५७ जणांचा मृत्यू आत्महत्येने झालेला नव्हता. आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतला २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. मूड डिसऑर्डर, म्हणजे नैराश्यासारखा मनःस्थितीचा आजार, असलेल्या पालकांच्या ७०१ मुलांचा त्यात सरासरी साडेपाच वर्षं पाठपुरावा झाला. पालकाने आत्महत्येचा प्रयत्न केलेला असेल तर मुलांमधल्या प्रयत्नाची शक्यता जवळजवळ पाचपट होती. भीतिदायक वाटतं. पण त्या काळात प्रयत्न केलेल्या मुलांची संख्या ७०१ पैकी २९ होती, म्हणजे सुमारे ४ टक्के.

मग ते जनुक कुठलं? एक असं नाहीच. नव्वदच्या दशकात आणि पुढे बरीच वर्षं संशोधक सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाशी संबंधित एखाद-दुसरं जनुक उचलायचे, शे-दोनशे माणसांत तपासायचे आणि संबंध सापडल्याचं छापायचे. त्यातलं बहुतेक पुढे मोठ्या नमुन्यांत टिकलं नाही. आता पूर्ण जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, एकदम तपासतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात आत्महत्येचा प्रयत्न किंवा आत्महत्येने मृत्यू अशा ४३,८७१ व्यक्तींची तुलना ९ लाखांहून जास्त लोकांशी केली, तेव्हा जीनोमवर १२ जागा ठळक दिसल्या. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी नगण्य. अशा सर्वसामान्य जनुकीय फरकांनी मिळून समजावता येणारा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास भरतो. मात्र त्या यादीत मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे जनुकीय फरक नैराश्याशी जुळतात, हे अपेक्षितच होतं. पण ते धूम्रपान, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), जोखीम घेण्याची वृत्ती आणि शारीरिक वेदनांशीही जुळतात. नैराश्याचा भाग वजा केला तरी काही उरतं. म्हणजे वारशाने येणारी गोष्ट 'मरण्याची इच्छा' नव्हे. असह्य क्षणी मन कसं वागतं, थांबतं की झेपावतं, त्यातला थोडासा भाग वारशाने येत असावा.

हेच मानसोपचारतज्ज्ञ जॉन मान आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेल्या प्रारूपात आहे. त्यांच्या मते दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: ताण, म्हणजे आजाराची तीव्र अवस्था किंवा आयुष्यातला आघात, आणि आधीपासूनची एक प्रवणता, ज्यात उतावीळपणा, आक्रमकता, निराशेकडे चटकन झुकणं आणि निर्णयक्षमतेतल्या उणिवा येतात. नैराश्य असलेल्या बहुतेकांकडे ही प्रवणता तीव्र नसते, आणि बहुतेकांचा मृत्यू आत्महत्येने होत नाही. मेंदूत शोधायची गोष्ट ही प्रवणता आहे.

शोधाची सुरुवात सेरोटोनिनपासून झाली. १९७६ साली स्वीडनमध्ये मारी ऑस्बेरी आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात सेरोटोनिन वापरून झाल्यावर उरणारा एक पदार्थ मोजला. ज्यांच्यात तो कमी होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त आढळले. पुढे हाच पदार्थ उतावीळ आक्रमकतेच्या अभ्यासांतही कमी दिसला. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टोरिया अरांगो आणि मान यांच्या गटाने मृत्यूनंतर दान झालेल्या मेंदूंमध्ये सेरोटोनिनची यंत्रणा जागोजागी मोजली. सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या ट्रान्सपोर्टरचं प्रमाण नैराश्यात प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या, म्हणजे कपाळामागच्या मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, विस्तृत भागात कमी होतं. आत्महत्येशी जोडलेली घट मात्र त्या कॉर्टेक्सच्या खालच्या बाजूला, डोळ्यांच्या वरच्या भागात केंद्रित होती. हा भाग परिणामांची किंमत तोलायला आणि उर्मीला आवर घालायला उपयोगी पडतो. ज्यांनी पूर्वी प्रयत्न केले होते अशा रुग्णांमध्ये जोखमीचे निर्णय घेण्याच्या चाचण्यांतही असाच कमकुवतपणा दिसलेला आहे, तोही नैराश्य उतरल्यावर.

पण 'सेरोटोनिन कमी, म्हणून आत्महत्या' इतकं हे सरळ नाही. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, राफे नावाच्या केंद्रकांत असतात. तिथे सेरोटोनिन तयार करणाऱ्या टीपीएच-२ या जनुकाचं एक्स्प्रेशन आत्महत्येने मृत्यू झालेल्या नैराश्यग्रस्तांमध्ये कमी नव्हे, जास्त सापडलं. शिवाय कॉर्टेक्समध्ये सेरोटोनिनचा १ए प्रकारचा रिसेप्टर (त्याचा निरोप पकडणारं प्रथिन) वाढलेला मिळाला. पुढे माल पोहोचत नाही म्हणून मागे उत्पादन वाढवण्याची ही धडपड असावी, असा याचा अर्थ बरेच संशोधक लावतात. मला तो पटतो. मात्र मृत्यूनंतरच्या एका क्षणाच्या मोजणीतून 'आधी काय, नंतर काय' हे सिद्ध होत नाही, हेही खरं.

तुमच्या घराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं संशोधन सेरोटोनिनचं नाही, ताणाच्या यंत्रणेचं आहे. ताण आला की मेंदूच्या हुकमावरून मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल मेंदूत परत पोहोचतं, हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी निगडित भागासारख्या ठिकाणच्या रिसेप्टरला चिकटतं आणि 'आता पुरे' असा निरोप देतं. हा रिसेप्टर कमी असेल तर ब्रेक नीट लागत नाही. मॉन्ट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने २००९ साली तीन प्रकारच्या मेंदूंची तुलना केली, प्रत्येकी १२: आत्महत्येने मृत्यू आणि बालपणी अत्याचार झालेले, आत्महत्येने मृत्यू पण अत्याचाराचा इतिहास नसलेले, आणि अचानक इतर कारणांनी मृत्यू झालेले. पहिल्या गटात हिप्पोकॅम्पसमधलं या रिसेप्टरच्या जनुकाचं एक्स्प्रेशन कमी होतं, आणि त्या जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागावर मिथाइल गटांची, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या छोट्या रासायनिक खुणांची, चिकटण जास्त होती. डीएनएचा मजकूर तोच, फक्त तो वाचायला अडथळा.

आता या निकालातला बारकावा बघा. दुसरा गट, म्हणजे आत्महत्येने मृत्यू झालेले पण अत्याचार न झालेले लोक, या मोजणीत तिसऱ्या गटासारखेच होते. म्हणजे तो फरक आत्महत्येचा शिक्का नव्हता. तो बालपणीच्या आघाताचा ठसा होता. वृत्तपत्रांत मात्र तो 'आत्महत्येची खूण' म्हणून आला. एखाद्या घरात दोन-तीन पिढ्यांत आत्महत्या झाल्या असतील तर जनुकांसोबत आणखीही गोष्टी पुढे जातात: उपचार न झालेलं नैराश्य, दारू, मारझोड, अकाली गेलेल्या बापाची पोकळी, आणि त्याबद्दल कधीच न बोलण्याची शिस्त. या सगळ्यांचा मेंदूवर जैविक परिणाम होतो. 'जैविक' म्हणजे 'जन्मजात आणि न बदलणारं' हे समीकरण इथे मोडतं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या या क्षेत्रातल्या कामाचं सार हेच आहे. बारा-बारा मेंदूंचा अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण बालपणीच्या छळाचा आत्महत्येच्या धोक्याशी असलेला संबंध लोकसंख्येच्या अभ्यासांतून स्वतंत्रपणे भक्कम आहे, म्हणून मी त्याला वजन देतो.

इतर निष्कर्ष थोडक्यात सांगतो. चेतापेशींची वाढ आणि जोडणी सांभाळणारं बीडीएनएफ हे प्रथिन आणि त्याचा रिसेप्टर प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसमध्ये कमी आढळले आहेत. पॉलिअमाइन नावाच्या रेणूंशी संबंधित सॅट-१ जनुक कॉर्टेक्समध्ये घटलेलं दिसलं. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, मायक्रोग्लिया, काही अभ्यासांत चेतवलेल्या अवस्थेत मिळाल्या, आणि प्रयत्न केलेल्यांच्या पाठीतल्या पाण्यात दाहाशी निगडित क्विनोलिनिक आम्ल वाढलेलं सापडलं. दाहाचा हा धागा रोचक आहे, पण अजून सुटा आहे.

तंत्र बदललं तसं चित्रही बदललं. पूर्वी मेंदूचा तुकडा दळून त्यातला सगळा आरएनए एकत्र मोजायचे. मोठ्या सभेचा एकत्रित गोंगाट ध्वनिमुद्रित करून कोण काय बोललं ते ओळखण्यासारखंच ते होतं. आता एकेका पेशीचं केंद्रक वेगळं करून मोजता येतं. २०२० साली मॉन्ट्रियलच्याच गटाने नैराश्य असलेले व आत्महत्येने मृत्यू झालेले १७ पुरुष आणि तुलनेचे १७ पुरुष यांच्या मेंदूतली सुमारे ८० हजार केंद्रकं वाचली. सर्वांत जास्त बदल दोन ठिकाणी होते: कॉर्टेक्सच्या खोल थरातल्या उत्तेजक चेतापेशी, आणि चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींच्या अपरिपक्व पूर्वज पेशी. या दुसऱ्या पेशींकडे तोवर फारसं कोणाचं लक्षच नव्हतं. त्याच गटाने नंतर स्त्रियांचे मेंदू तपासले, तर तिथे मायक्रोग्लिया आणि निरोधक चेतापेशींचा एक प्रकार पुढे आला. स्त्री-पुरुषांचे बदल इतके कमी जुळत असतील, तर पुरुषांच्या मेंदूंवर उभे असलेले कितीतरी जुने निष्कर्ष सगळ्यांना लावणं धाडसाचंच ठरतं.

आता या अभ्यासांच्या मर्यादा. त्या बातमीत येत नाहीत आणि खरी मेख तिथेच असते. मेंदू मिळतो तो मृत्यूनंतर काही तासांनी, कधी दिवसाने. तेवढ्यात आरएनए तुटायला लागतो. शेवटच्या क्षणांत प्राणवायू किती कमी पडला, ताप होता का, रक्तात दारू किंवा औषधं होती का, यावर शेकडो जनुकांची मोजणी हलते. म्हणून चांगल्या मेंदूपेढ्या ऊतीचा पीएच (आम्लतेचं माप) आणि आरएनएचा दर्जा तपासतात, विषशास्त्रीय चाचणी करतात, आणि नातेवाइकांशी तासन्‌तास बोलून त्या माणसाच्या आजाराचा, स्वभावाचा, बालपणाचा इतिहास जुळवतात. ज्या कुटुंबांनी ऐन दुःखात या मुलाखती दिल्या, त्यांच्याशिवाय यातलं काहीच कळलं नसतं.

त्याहून कठीण प्रश्न तुलनेचा. एका बाजूला नैराश्य आणि आत्महत्या दोन्ही, दुसऱ्या बाजूला दोन्ही नाही, अशी तुलना केली तर सापडलेला फरक कशाचा? नैराश्याचा की आत्महत्येचा? ते वेगळं करायला तिसरा गट लागतो: नैराश्य होतं, पण मृत्यू अचानक दुसऱ्याच कारणाने झाला असे लोक. असे मेंदू फार दुर्मीळ. २०१७ साली न्यूयॉर्कच्या गटाने औषधं चालू नसलेल्या ५९ व्यक्तींच्या मेंदूंचा पूर्ण आरएनए वाचला, तेव्हा या तिसऱ्या गटात त्यांना फक्त ९ मेंदू मिळाले होते. कोणी 'आत्महत्येची खास जनुकं' सापडली म्हणालं की मी आधी हा तिसरा गट शोधतो. बहुतेक वेळा तो नसतो.

आता रक्ताच्या चाचणीकडे येऊ. २०१३-१४ च्या सुमारास सॅट-१ आणि स्का-२ या जनुकांवर आधारित रक्तचाचण्यांचे निष्कर्ष गाजले. स्का-२चा ताणाच्या यंत्रणेशी संबंध आहे, कल्पना तर्कसंगत होती. पण नमुने लहान होते, नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकमुखी नाहीत, आणि त्यातलं काही आज नियमित उपचारात वापरलं जात नाही. समजा उद्या खूप चांगली चाचणी निघाली: धोका असलेल्या १०० पैकी ९० जणांना अचूक पकडणारी, आणि धोका नसलेल्या १०० पैकी ९० जणांना अचूक सोडणारी. जगात दर लाखामागे वर्षाला साधारण ९ मृत्यू आत्महत्येने होतात. आपण त्याच्या दसपटीहून जास्त धोक्याचा गट घेऊ, दहा हजारांत १०. चाचणी त्या १० पैकी ९ जणांना ओळखेल. पण उरलेल्या ९,९९० पैकी ९९९ जणांनाही 'धोका आहे' म्हणून सांगेल. म्हणजे धोक्याचा शेरा मिळालेल्या १,००८ माणसांत खरे ९. आणि इतकी चांगली चाचणी आज कुठेच नाही. केवळ प्रयोगशाळेचीच ही अडचण नाही. २०१७ साली पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा डॉक्टर वापरतात ते नेहमीचे धोक्याचे घटकही, एकेकटे घेतले तर, छापा-काट्यापेक्षा जेमतेमच सरस निघाले.

ज्याचं भाकीत करता येत नाही ते टाळता मात्र येतं. स्किझोफ्रेनियातला आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी क्लोझापिन हे औषध २००३ सालच्या ९८० रुग्णांच्या चाचणीत उजवं ठरलं. मूड डिसऑर्डरमध्ये लिथियम या औषधाच्या बाजूने पुष्कळ पुरावा आहे. २०२२च्या एका मोठ्या चाचणीत मात्र चालू उपचारात भर म्हणून दिल्यावर फायदा दिसला नाही, त्यामुळे ते कोणाला द्यायचं हा निवडीचा प्रश्न आहे. केटामाइन हे औषध काही तासांत आत्महत्येच्या विचारांची तीव्रता उतरवू शकतं. त्याने मृत्यू टळतात, असं सिद्ध झालेलं नाही. आणि एक अगदी साधी गोष्ट: इमर्जन्सी विभागातून घरी जाताना रुग्णासोबत बसून लिहिलेली सुरक्षा योजना आणि नंतर नियमित फोन. २०१८च्या अमेरिकेतल्या अभ्यासात यामुळे पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतं. त्या योजनेत असतं काय? स्वतःची धोक्याची चिन्हं, मन दुसरीकडे वळवायचे मार्ग, कोणाला फोन करायचा, आणि घातक साधनं हाताशी राहू न देणं. आत्महत्येची तीव्र उर्मी बहुतेकदा लाटेसारखी चढते आणि ओसरते. आवर घालणारा मेंदूचा भाग तेवढा वेळ दुबळा पडला, तर त्याच्या जागी माणसं आणि अंतर उभं करायचं.

तुमच्या बाबतीत याचा उपयोग असा. स्वतःच्या आणि मुलीच्या डॉक्टरला कुटुंबाचा इतिहास स्पष्ट सांगा: कोण, कोणत्या वयात, त्याआधी नैराश्य, उन्माद किंवा दारू होती का. घरात बायपोलर आजार, म्हणजे नैराश्य आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार, असेल तर मुलीला कधी नैराश्य आल्यास औषधाची निवड बदलू शकते. ही माहिती कुठल्याही जनुकचाचणीपेक्षा जास्त कामाची आहे. मुलीला आजोबांबद्दल खरं सांगा, तिच्या वयाला झेपेल तेवढं. तुम्ही नाही सांगितलंत तर दुसरं कोणीतरी सांगेल, आणि वाईट पद्धतीने सांगेल. झोप उडणं, सतत चिडचिड, मैत्रिणींपासून तुटणं, 'मी नसले तर बरं' अशा अर्थाचं बोलणं दोन आठवडे टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मरणाचा उल्लेख आला तर दोन आठवडे थांबू नका. 'तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?' असं सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालं आहे.

तुम्ही स्वतःबद्दल काही लिहिलेलं नाही. प्रश्नामागे तुमच्याच मनातले असे विचार असतील, तर हे उत्तर वाचून थांबू नका. आजच जवळच्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरला किंवा संकटकाळातल्या हेल्पलाइनला फोन करा. विचार आत्ता तीव्र असतील तर एकटे राहू नका, थेट रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात जा. तसं नसेल, तर मुलीच्या पुढच्या नेहमीच्या तपासणीच्या वेळी हा कौटुंबिक इतिहास तिच्या फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगा.